थप्पी लावण्याआधी एवढं ऐक

अगं, तुझ्या मॉडेल रेल्वेसाठी लाकडाच्या वखारीचं किट घेतलंस, फार छान केलंस. पण गोंदाची बाटली उघडण्याआधी माझं थोडं ऐकून घे. ॲटलस कंपनीचं असो की वॉल्थर्सचं, ही किट्स अमेरिकेतल्या लहान गावांत रुळांलगत असणाऱ्या वखारीची. त्यांत मिळतं ते शेड आणि ऑफिस. वखार मात्र मालाने होते, भिंतींनी नाही. म्हणून आधी रंग ठरवू नकोस. साल कोणतं, माल येतो कसा आणि जातो कसा, हे ठरव. तेवढं पक्कं झालं की पुढचं सगळं त्यातूनच सुचत जातं.

तुझ्या मॉडेलमधलं गाव 1950 च्या आसपासचं आहे ना? त्या काळी चिरलेलं लाकूड बॉक्सकारमधून, म्हणजे बंद डब्यातून, सुटं यायचं. माणसं दारातून एकेक फळी ओढून काढायची आणि हातोहात शेडमध्ये पोचवायची. जाड तुळया उघड्या फ्लॅटकारवर लादलेल्या असत. पट्टे आवळलेले गठ्ठे आणि ते उचलणारे फोर्कलिफ्ट सर्रास दिसू लागले ते नंतर. मधोमध उभी चौकट असलेली सेंटरबीम गाडी तर 1970 च्या दशकाअखेर रुळली, तेव्हा ती कितीही आवडली तरी तुझ्या सायडिंगवर, म्हणजे वखारीलगतच्या बाजूच्या रुळावर, नको. त्याऐवजी बॉक्सकारचं दार उघडं ठेव, दाराशी दोन माणसं उभी कर आणि चार फळ्या अर्ध्या बाहेर आलेल्या दाखव. बघणाऱ्याला सगळा व्यवहार तिथेच कळेल.

शेड चिकटवण्याआधी तुझ्याकडची सगळ्यात लांब वाघीण हाताने सायडिंगवरून ढकलून बघ. छप्पर घासत नाही ना? मग ट्रक फिरायला जागा राहते का, तेही बघ. ट्रक आत येऊन वळू शकत नसेल तर त्या वखारीतून माल जाणार कसा?

आता थप्प्या. इथे मात्र घाई करू नकोस, खरी गंमत इथेच आहे. तुझ्या मॉडेलच्या मापात, म्हणजे एचओ स्केलमध्ये, एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. अमेरिकेत फळ्या दोन-दोन फुटांच्या टप्प्यांनी विकतात: आठ, दहा, बारा, चौदा, सोळा फूट. म्हणजे तुझ्या पट्ट्या 28, 35, 42, 49 आणि 56 मिलिमीटरच्या काप. एका थप्पीत एकच लांबी आणि एकच जाडी ठेव, कारण गिऱ्हाईक मागेल ते पटकन काढता यायला हवं. थप्पी जमिनीवर टेकवू नकोस, खाली आडव्या तुळया घाल. काडेपेटीची काडी साधारण दोन मिलिमीटर जाड, म्हणजे एचओमध्ये सात इंचांची तुळई झाली. त्या कामाला ती उत्तम, फळी म्हणून मात्र वापरू नकोस. उघड्यावर वाळत ठेवलेल्या मालात दर थरानंतर बारीक आडव्या पट्ट्या घाल, म्हणजे मधून हवा खेळते असं दिसेल. रंधा मारलेला चांगला माल छपराखाली आणि जाड, ओबडधोबड तुळया बाहेर, हेही विसरू नकोस.

पट्ट्या आधी रंगव, मग चिकटव. फेविकॉल लागलेल्या जागी लाकूड रंग पीत नाही, तिथे फिके डाग राहतात. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये काळ्या इंडिया इंकचे अगदी थोडे थेंब टाक. ते पाणी दोन्ही बाजूंना लाव, एकाच बाजूला लावलंस तर पट्टी वाकते. पण सगळ्याच फळ्यांना लावत बसू नकोस. नवा माल फिका पिवळसरच हवा. राखाडी छटा दे ती जुन्या थप्पीला, कुंपणाला आणि पायऱ्यांना.

किटच्या प्लॅस्टिकच्या भिंती आतूनही रंगव. शेड समोरून उघडी असते, आतली चकाकी लगेच नजरेत भरते. बाहेर आधी रंग, मग तेच शाईचं पाणी आणि मॅट वार्निश अगदी शेवटी. वार्निशवर अल्कोहोल फिरवलंस तर पांढुरका थर येतो.

किट आपलंसं करायला फार तोडफोड लागत नाही. शेड लांब हवी असेल तर दोन किट्स जोड. जागा कमी असेल तर मागची भिंत काढून शेड पार्श्वभूमीला टेकव, आणि उरलेल्या भिंतीतून लहानसं कोठार कर. छपराचा एखादा पत्रा बदललेला दाखव. पाटीवर तुला आवडेल ते नाव लिही. आगीच्या भीतीने वखारीत पाण्याची पिंपं आणि बादल्या ठेवत, त्या शेडच्या कोपऱ्यांवर ठेव. भुसा वस्त्रगाळ करून करवतीपाशीच टाक, सगळीकडे पसरू नकोस. प्रत्येक वस्तू ठेवताना विचार, ही इथे कोणी आणि कशासाठी ठेवली? उत्तर सापडलं नाही तर ती डबीत परत टाक.

आज फक्त एवढंच कर. कागदावर साल लिही, माल यायची वाट आणि जायची वाट आखून घे. मग एकच थप्पी नीट रच. ती मनासारखी झाली की बाकीची वखार तुझ्या हातून चुकणार नाही, याची मला खात्री आहे.