सूरह माऊन किती वेळा शिकावी?

जावा बेटावरील योग्यकर्ता ही १७५५ च्या तहानंतर वसलेली सुलतानांची राजधानी. बाटिक, गामेलान आणि विद्यापीठे यांसाठी ती ख्यात आहे. तेथील शाही मशिदीचे खतीब अहमद दहलान शिष्यांना सात आयतींची सूरह माऊनच पुन्हा पुन्हा शिकवीत, असे सांगतात. ती तर केव्हाच पाठ झाली, असे शिष्य म्हणाले. आचरणात आली काय, असे दहलान यांनी विचारले आणि त्यांना यतीम व मिस्कीन यांच्या शोधात धाडले. १९१२ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या मुहम्मदिया संघटनेच्या आज हजारो शाळा आहेत. ही सूरह आपण नमाजमध्ये वरचेवर पढतो. आपल्या मोहल्ल्यातील एखाद्या यतीम मुलाचे नाव तरी आपणांस ठाऊक आहे काय?