पहिला नकार

संस्कृत भाषेत ‘व्यसन’ या शब्दाचा एक अर्थ ‘संकट’ असा आहे. इतर संकटे मनुष्यावर अवचित कोसळतात. हे संकट मात्र तो स्वतःच्या हाताने घरात आणतो, आणि तेही बहुधा हसतखेळत.

या मार्गावर पहिले पाऊल टाकावयास लावणारा क्वचितच शत्रू असतो. बहुधा तो मित्रच असतो. शाळा सुटल्यावर चार मुले जमतात. एकाच्या हाती तंबाखूची पुडी किंवा सिगारेट असते. “एकदा घेतल्याने काय होते?” असा आग्रह सुरू होतो. नाही म्हणणाऱ्यास भित्रा म्हणून हिणवले जाते. त्या मुलास चवीची ओढ नसते. मित्र आपल्याला दूर लोटतील, हेच भय असते. त्या भयापोटी तो हात पुढे करतो.

पुढचे काम तो पदार्थच करतो. तंबाखूतील निकोटीन, मद्य, अफूपासून बनणारे हेरॉईन हे सारे पदार्थ मेंदूतील सुखसंवेदनेच्या व्यवस्थेवर परिणाम करतात. हळूहळू मेंदूला त्यांची सवय जडते. तेवढ्याच सुखासाठी अधिक मात्रा लागते व ती न मिळाल्यास जीव कासावीस होतो. मग मनुष्य सुखासाठी नव्हे, तर ती तळमळ चुकविण्यासाठी व्यसन करू लागतो. मेंदूचा सारासार विचार करणारा भाग वयाच्या सुमारे पंचविशीपर्यंत विकसित होत असतो. म्हणूनच कोवळ्या वयात जडलेले व्यसन अधिक खोल रुजते.

रुजलेले व्यसन सुटतच नाही, असे मात्र नाही. १९८० नंतरच्या दशकात अनेक तरुण ‘गर्द’ नावाने विकल्या जाणाऱ्या हेरॉईनच्या विळख्यात सापडले. त्यांची करुण कहाणी लेखक अनिल अवचट यांनी लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य दिले, आणि १९८६ साली अवचट व त्यांच्या पत्नी, मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी मनुष्य तिरस्काराचा नव्हे, तर उपचाराचा धनी आहे, ही या कार्यामागील दृष्टी होय. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे नव्या रुग्णांना हात देतात. सोबतीने जो खड्ड्यात गेला, तो सोबतीनेच वर येतो.

परंतु वर येण्याची ही वाट फार कष्टाची आहे. त्या मानाने पहिला नकार किती सोपा! २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांना, तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत, तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई आहे. कायदा दुकानदाराला रोखू शकेल. मित्राने पुढे केलेला हात मात्र ज्याचा त्यानेच परतवावयाचा असतो. त्यासाठी भांडण नको, उपदेशही नको. “मला नको” एवढे दोन शब्द पुरेत. ते उच्चारून जो निश्चयाने निघून जातो, त्याच्यामागे पुष्कळदा दुसराही कोणी निघतो. कारण मनातून त्यालाही तेच म्हणावयाचे असते. आणि एखादा सोबती त्या वाटेला लागलाच, तर त्याचे गुपित राखणे हे मित्रप्रेम नव्हे. वेळीच आईवडिलांच्या वा शिक्षकांच्या कानी घालणे, हेच खरे मित्रप्रेम.

भित्रा कोण? चौघांच्या भीतीने हात पुढे करणारा, की चौघांसमोर हात मागे घेणारा?