उन्हाचा आकडा व उन्हाचा घाव

मंडळ्यांतील शिक्षकांसाठी व कुटुंबांसाठी उन्हाळी पाठ

पाठाचा हेतू.— कडक उन्हाळा देशावर व मनुष्याच्या देहावर काय परिणाम करतो हे समजून घेणे, आणि ऊन लागलेल्या माणसास वाचविण्याची रीत प्रत्येक घरी शिकविणे.

१. नागपूरचा पारा

नागपूर देशाच्या मध्यभागी, समुद्रापासून फार दूर आहे. समुद्राचा गार वारा येथे पोहोचत नाही. मार्चपासून जमीन तापू लागते, वायव्येकडून कोरडे वारे वाहतात, आणि मे महिन्याच्या अखेरीस, ज्या दिवसांस लोक नवतपा म्हणतात, त्या सुमारास ताप कळसास पोहोचतो. तारीख २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस इतके तापमान नोंदले गेले. तारीख १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी गावी पारा ५१ अंशांवर गेला.

पुढे तारीख ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखविला, आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने चौकशी केली, तेव्हा यंत्रातील तापमापकच बिघडलेला आढळला. शहरातील इतर केंद्रांवर त्या दिवशी पारा ४४ अंशांच्या आसपास होता. हे ऐकून पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु येथेच आपण थांबून विचार केला पाहिजे. ५६ चा आकडा खोटा होता, तरी ४४ चे ऊन खरे होते. आणि माणूस मरावयास विक्रमी आकडा लागत नाही.

दुसरेही ध्यानात ठेवावे. हवामान खात्याचा आकडा हा सावलीतील हवेचा असतो. पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर तापमापक ठेवतात, म्हणजे त्यावर ऊन पडत नाही. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईच्या पाठीवर मात्र ऊन पडते, आणि तापलेली भुई तिला खालूनही भाजते. तिच्या देहास जे सोसावे लागते, ते वर्तमानपत्रातील आकड्याहून पुष्कळ अधिक असते.

२. देह उष्णता कशी सोसतो

मनुष्याच्या देहाची उष्णता सुमारे ३७ अंश असते. काम करताना आतूनही उष्णता उत्पन्न होते. तिला बाहेर घालविण्याचे मुख्य साधन म्हणजे घाम. घाम वाळतो तेव्हा तो देहाची उष्णता घेऊन जातो. झिरपणाऱ्या माठातले पाणी गार होते ते याच नियमाने. विदर्भाची हवा कोरडी असल्यामुळे घाम लवकर वाळतो. हा लाभ आहे, तसा धोकाही आहे. कारण अंगावर घाम दिसत नाही, आणि देहातील पाणी किती गेले हे माणसास कळत नाही.

कोकणपट्टीत याच्या उलट घडते. तेथील दमट हवेत घाम वाळतच नाही, यास्तव थोड्या तापमानातही जीवास धोका पोहोचतो. तारीख १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर मोठा समारंभ झाला. लाखो लोक उन्हात बसले होते. पारा ३८ अंशांच्या आसपासच होता, तथापि उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. नागपूरकर ज्या आकड्यास साधा उन्हाळा म्हणतात, त्याहून तो कमीच होता.

रात्रीचाही विचार करावा. दिवसा तापलेला देह रात्री गार होऊन विसावा घेतो. पत्र्याच्या छपराखाली व दाट वस्तीत रात्रही तापलेलीच राहिली, तर थकवा दुसऱ्या दिवसावर चढतो, आणि तिसऱ्या चौथ्या दिवशी माणूस कोसळतो.

३. देशावर होणारे परिणाम

सन २०२२ चा मार्च महिना, १९०१ पासूनच्या नोंदींत, देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब व हरयाणा येथील गहू त्या वेळी दाण्यात भरत होता. अकाली तापाने दाणा बारीक राहिला. तारीख १३ मे २०२२ रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबविली. विजेची मागणी इतकी वाढली की, कोळशाच्या गाड्यांस वाट देण्यासाठी प्रवासी गाड्या रद्द कराव्या लागल्या. एका महिन्याच्या उन्हाने अन्न, वीज व रेल्वे या तिन्हींस धक्का दिला.

आपल्या भागातील बागाईतदारांस हे सांगावयास नको. संत्र्याच्या आंबिया बहराची लहान फळे कडक उन्हात गळून पडतात. काळ्या कातडीच्या व थोडा घाम येणाऱ्या म्हशीस ऊन विशेष बाधते, आणि तिचे दूध आटते.

मनुष्यहानी सर्वांत मोठी आहे. सन २०१५ च्या उष्णतेच्या लाटेत देशात २००० हून अधिक माणसे मेली. त्यांतील बहुतेक आंध्र प्रदेश व तेलंगण येथील होती. सन २००३ मध्ये युरोपखंडात सुमारे ७०००० माणसे उन्हाळ्याने दगावली, आणि त्यांत बंद घरांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते. धन व दवाखाने असूनही, विचारपूस करणारा शेजारी नसल्यामुळे ते गेले.

४. चिन्हे व उपचार

प्रथम तोंड सुकते, डोके दुखते, पायांत गोळे येतात, मळमळते, लघवी थोडी व गडद होते. या वेळीच माणसास सावलीत निजवावे आणि घोट घोट पाणी द्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवून दिल्यास उत्तम. ताक, पन्हे व पातळ आंबीलही हितकर आहेत.

माणूस बरळू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, बेशुद्ध झाला किंवा त्यास झटके आले, आणि अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात होय. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; पण तिची वाट पाहत बसू नये. कपडे सैल करावे, सर्व अंगावर पाणी ओतावे, जोराने वारा घालावा. मान, काख व जांघ येथे ओल्या गार घड्या ठेवाव्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगी नाही. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही ही समजूतही सोडावी. त्या भरवशावर पाण्याची बाटली घरी राहते.

शूनेमच्या बाईच्या मुलाची गोष्ट वाचकांस ठाऊक आहे. कापणीच्या दिवसांत तो शेतात बापाकडे गेला, त्याचे डोके दुखू लागले, चाकराने त्यास आईकडे नेले, आणि दुपारपर्यंत तिच्या मांडीवर राहून तो मेला. त्यास ऊन लागले असावे, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. त्या कथेचा शेवट आपण नेहमी सांगतो. आज तिच्या आरंभाकडे पाहावे. त्या माउलीस उपाय ठाऊक नव्हता. आपणांस तो ठाऊक आहे, आणि तो म्हणजे विहिरीचे पाणी.

५. मंडळीने काय करावे

दुपारी बारा ते चार कामावर जाऊ नये, हे सांगणे सोपे आहे. वीटभट्टीवरील मजुरास व तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईस ऊन वाईट हे आपल्याहून अधिक कळते. पण काम बुडाले तर मजुरी बुडते. यास्तव नुसता उपदेश पुरत नाही. ज्यांच्या शेतावर मजूर आहेत त्यांनी पहाटे काम सुरू करून दुपारी सोडावे, व मजुरी कापू नये. उन्हात नव्याने काम धरणाऱ्यास पहिला आठवडा हलके काम द्यावे.

अहमदाबाद शहरात सन २०१० च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १३०० मृत्यू अधिक झाले. त्यावरून धडा घेऊन २०१३ मध्ये त्या शहराने आगाऊ इशारा देण्याची, दवाखान्यांत शिक्षण देण्याची व पाणी पुरविण्याची योजना आखली. पुढे नागपूर महानगरपालिकेनेही तशी योजना हाती घेतली. गावी महानगरपालिका नाही, पण मंडळी आहे. उपासनामंदिराचे दार दुपारी उघडे ठेवावे व ओसरीवर भरलेले माठ ठेवावे. वस्तीतील एकट्या वृद्धांची, गरोदर बायांची व तान्ह्या मुलांची यादी करून, रोज दुपारी एकाने त्यांच्या घरी जाऊन यावे. आकडा पाहून नव्हे, माणूस पाहून निघावे.

विचारासाठी प्रश्न

१. सावलीतील पारा व मजुराच्या पाठीवरील ऊन यांत भेद कोणता?
२. खारघर येथे ३८ अंशांतच माणसे का दगावली?
३. साधा थकवा व उष्माघात कसे ओळखावे? उष्माघातात पहिले काम कोणते?
४. आपल्या गावी दुपारी एकटे असणारे कोण आहेत? त्यांच्याकडे उद्या कोण जाईल?