पराभूताचा मान

निवडणूक म्हटली की दोन पक्षांतील झुंज आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या इच्छुकास मात्र प्रथम स्वकीयांशीच सामना करावा लागतो. पक्षाचा उमेदवार कोण असावा याविषयी राज्याराज्यांतून मतदारांचा कौल घेतात. त्यास प्राथमिक निवडणूक म्हणतात. पुढे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात प्रतिनिधी उमेदवार निश्चित करतात.

१९६० साली डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर जॉन केनेडी व ह्यूबर्ट हंफ्री वेस्ट व्हर्जिनिया राज्यात एकमेकांसमोर उभे ठाकले. हे राज्य कोळशाच्या खाणींचे, गरीब आणि बहुतांशी प्रॉटेस्टंट. केनेडी मात्र रोमन कॅथलिक. तोवर एकही कॅथलिक गृहस्थ अध्यक्ष झाला नव्हता. १९२८ साली अल् स्मिथ यांच्या पराभवास त्यांचा धर्मही काही अंशी कारण झाला होता. केनेडींनी हा प्रश्न टाळला नाही. अध्यक्षपदाची शपथ घेणारा धर्मसंस्था व राज्यसंस्था अलग ठेवण्याचीच शपथ घेतो, असे त्यांनी मतदारांना सांगितले. त्यांच्यापाशी पैशाचे बळ होते आणि हंफ्रींपाशी ते नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे. १० मे रोजी केनेडी विजयी झाले व हंफ्रींनी स्पर्धेतून माघार घेतली.

जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या अधिवेशनात लिंडन जॉन्सन यांना दुसऱ्या क्रमांकाची मते पडली. केनेडींनी या प्रतिस्पर्ध्यासच उपाध्यक्षपदासाठी आपल्या जोडीस घेतले. पुढे १९६४ साली याच जॉन्सन यांच्या जोडीने हंफ्री उपाध्यक्ष म्हणून निवडून आले. कालचा विरोधक उद्याचा सहकारी होऊ शकतो, तो असा!

नोव्हेंबरात केनेडींची गाठ रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन यांच्याशी पडली. सुमारे ६ कोटी ८८ लक्ष मतांत दोघांमधील अंतर एक लक्षाहून थोडेसेच अधिक होते. निक्सन त्या वेळी उपाध्यक्ष होते. त्यामुळे निर्वाचकांच्या मतगणनेच्या सभेचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडेच आले. ६ जानेवारी १९६१ रोजी केनेडींना ३०३ व आपणांस २१९ मते पडल्याचे त्यांनी स्वमुखाने जाहीर केले आणि विजेत्याचे अभीष्ट चिंतिले. २००१ साली हेच अवघड कर्तव्य अल् गोर यांच्या वाट्यास आले व त्यांनीही ते पार पाडले.

६ जानेवारी २०२१ रोजी मात्र निकाल अमान्य असलेल्या जमावाने त्याच संसदभवनात घुसून मतगणना थांबविली. ती रात्री पुन्हा सुरू होऊन पहाटे पुरी झाली खरी. परंतु ही परंपरा किती नाजूक आहे, हे साऱ्या जगाने पाहिले.

मते मोजण्याची व्यवस्था कायदा करू शकतो. पराभव पचविण्याची वृत्ती मात्र ज्याने त्याने आपल्या अंगी बाणवावी लागते. वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत हरलेला विद्यार्थी जेव्हा पुढे होऊन विजेत्याचा हात हाती घेतो, तेव्हा तो नागरिकशास्त्राचा पहिला धडा शिकलेला असतो.