उळवीचा प्रसाद

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उळवीला चन्नबसवेश्वरांच्या समाधीच्या दर्शनाला निघालो होतो. आम्ही बेळगावकर, त्यामुळे वाट नेहमीचीच: खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेट. जोयड्याच्या पुढे अरुंद वळणावर समोरून बस आली आणि मी गाडी डावीकडे दाबली. दरडीच्या जांभ्याला चाकावरची काळी प्लॅस्टिकची पट्टी घासली. पुढचं टोक सुटून हाताएवढी पट्टी लोंबू लागली.

मुसळधार पाऊस, मोबाइलला रेंज नाही. डॅशबोर्डच्या खणात झटपट चिकटणाऱ्या डिंकाची नळी होती. छत्रीखाली उभं राहून रुमालाने पुसलं, सगळी नळी ओतली आणि मिनिटभर दाबून धरलं. बसली! बायकोला म्हटलं, "बघ, गॅरेजचे पैसे वाचले."

परतताना कुंभारवाड्याच्या अलीकडे फडफड सुरू झाली, मग टायरला घासल्याचा आवाज. उतरून पाहिलं तर पट्टी उखडलेली, ओघळलेला डिंक फेंडरच्या रंगावर वाळून पांढरा पडलेला. तो नखाने काढायला गेलो, तर त्याच्याबरोबर रंगाचा टवकाही निघाला.

रामनगरच्या मिस्त्रीने पट्टी उलटी केली. "डिंक काय करणार ओ साहेब? मागं बघा, तीन क्लिपा तुटल्यात." क्लिपांच्या भोकांत लाल चिखल गच्च बसला होता. पट्टीच्या पाठीवर रोमन लिपीत 'पीपी' अशी बारीक अक्षरं होती. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. मेणासारखं हे प्लॅस्टिक डिंकाला धरच देत नाही. त्यात झटपट डिंक हवेतल्या ओलीनेच घट्ट होतो. जोयड्याच्या पावसात तो प्लॅस्टिकला धरण्याआधीच वाळून कडक झाला, आणि कडक डिंक गाडीच्या थरथरीत टिकत नाही.

तेव्हा सांगतो ते ऐका. जंगलात, पावसात पट्टी सुटली तर चिकटवू नका. उरलेल्या क्लिपा हलक्या हाताने सोडवून ती डिकीत टाका. निघत नसेल, तर प्लॅस्टिकच्या बांधपट्टीने घट्ट बांधा आणि टायरपासून बोटभर तरी अंतर राहिलंय का ते बघा. पट्टी नसली तरी गाडी चालते, टायर फाटला तर नाही.

खरं काम घरी, कोरड्या जागी. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाकामागचे स्क्रू हाताला लागतात. भोकं मोजा, त्या मापाच्या क्लिपा घ्या, दोन जास्तच. गाडीगणिक माप वेगळं असतं, म्हणून तुटलेली क्लिप खिशात टाकूनच दुकानात जा. चिखल ब्रशने धुऊन पट्टी पूर्ण वाळू द्या. मग एका टोकाकडून सुरुवात करून एकेक क्लिप 'टक्' वाजेपर्यंत दाबा.

जिथे मुळात टेप होती तिथेच टेप लावा. जुनी टेप हेअर ड्रायरने गरम करा आणि मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवून सोडवा, चाकू नको. उरलेला चिकटा पूर्ण काढून शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. डिझेलने किंवा रॉकेलने पुसलंत तर तेलाचा थर राहतो, त्यावर काही धरत नाही. पीपी असेल तर आधी प्रायमर लावा. मग फोमची डबल टेप. कागदी टेपने जागा आखून घ्या, कारण ही टेप एकदा टेकली की हलत नाही. टेकवण्यापेक्षा दाबणं महत्त्वाचं. मी दोन्ही अंगठे लाल होईपर्यंत दाबली. पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास जातात, तोवर गाडी धुवायची नाही. मला दुसऱ्याच दिवशी धुवायची खुमखुमी आली होती, बायकोने बादली लपवून ठेवली.

पट्टी आता पक्की आहे. फेंडरवरचा पांढरा डाग आणि टवका मात्र मी अजून रंगवून घेतलेला नाही. बायको त्याला उळवीचा प्रसाद म्हणते.