‘हे नक्की काय आहे?’ असं विचारणाऱ्या मुलांसाठी

“अभ्यासाला बसली म्हणावं, तर तासाभरानं मक्यात सापडते. हिचं करायचं काय, सर?”

फलटण तालुक्यातले एक शेतकरी अकरावीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले होते. मुलीच्या हातात लोणच्याची रिकामी बरणी आणि बरणीत एक अळी. वडिलांच्या मते अळी म्हणजे अळी, फवारली की संपली. मुलगी मात्र बरणी माझ्यासमोर धरून सांगत होती, “सर, डोक्यावर उलटा वाय दिसतोय बघा. आणि शेपटीकडे चार काळे ठिपके, चौकोनात.”

तिनं अमेरिकन लष्करी अळी बरोबर ओळखली होती. शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुगिपर्डा. ही अळी भारतात पहिल्यांदा २०१८ साली कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. मक्याच्या पोंग्यात शिरते, भुशासारखी विष्ठा टाकते. आपल्याकडे तिची एक चुलत बहीण पूर्वीपासून आहे, स्पोडोप्टेरा लिट्युरा, म्हणजे तंबाखूची पानं खाणारी अळी. मी वडिलांना विचारलं, “कामगंध सापळे लावता ना? ल्यूर कोणतं आणता?” ते गप्प झाले. ल्यूर म्हणजे सापळ्यातलं गंधाचं आमिष, ते जातीप्रमाणे वेगळं असतं. लिट्युराचं ल्यूर लावून फ्रुगिपर्डाच्या पतंगांची वाट बघत बसलं, तर शेतात कीड असूनही सापळा रिकामाच दिसणार. नाव चुकलं की औषधाचे पैसे जातात आणि हंगामही जातो.

जीवशास्त्रात या कामाला वर्गीकरणशास्त्र म्हणतात. प्राणी आणि वनस्पती ओळखायच्या, त्यांचं एकमेकांशी नातं लावायचं आणि नवी जात सापडली तर तिला नाव द्यायचं. दोन शब्दांचं नाव देण्याची आजची रीत स्वीडनच्या लिनियसनं घालून दिली, वनस्पतींसाठी १७५३ साली आणि प्राण्यांसाठी १७५८ साली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्या करडईचं नाव कार्थामस टिंक्टोरियस. टिंक्टोरियस म्हणजे रंगाच्या कामाची, कारण तिच्या पाकळ्यांपासून कापडाचा रंग काढत.

करडईचं नाव मुद्दाम घेतलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, १९६८ पासून काम करणाऱ्या आपल्या गावच्या संस्थेत, बिनकाट्याची करडई तयार झाली. बिनकाट्याचं एक बोंड आणून ते नखानं उभं फाडा. ज्याला आपण एक फूल म्हणतो, त्यात नळीसारखी बारीक फुलं दाटीवाटीनं बसलेली दिसतील, म्हणजे करडई सूर्यफुलाच्या कुळातली. असं एक-एक लक्षण बघत नावापर्यंत जायला शास्त्रज्ञ ‘की’ वापरतात: काटे आहेत की नाहीत, पानं समोरासमोर की एकाआड एक, प्रत्येक पायरीला दोन पर्याय आणि त्यांतला एक सोडायचा. फोनवरचं ॲपही फोटो बघून नाव सुचवतं, चांगलंच आहे. पण कोणत्या लक्षणावरून हे नाव, हे मुलीला सांगता आलं पाहिजे. ते सांगता येतं तिथून शिक्षण सुरू होतं.

काही ओळखी डोळ्यांना दिसतच नाहीत. याच संस्थेनं दख्खनी मेंढीत सुंदरबनच्या गरोळ मेंढीचा एक जनुक आणला. त्यानं मेंढीला जुळी होण्याचं प्रमाण वाढतं. लोणंदच्या बाजारात जनुक असलेली आणि नसलेली अशा दोन मेंढ्या शेजारी उभ्या केल्या, तर जाणत्या धनगरालाही त्यांतली जनुक असलेली कोणती हे सांगता येणार नाही. तिथे डीएनए तपासावा लागतो. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यानं भिंग आणि प्रयोगशाळा दोन्हीची सवय ठेवावी.

आता मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट. साताऱ्याच्या वर चाळकेवाडीचं पठार आहे, पवनचक्क्यांचं. उन्हाळ्यात तिथे सरड्याचे नर दगडावर चढून गळ्याचा पंखा उघडतात, निळा, काळा, नारिंगी. पिढ्यान्‌पिढ्या गुराख्यांनी तो बघितला. शास्त्राच्या पुस्तकात मात्र असे बहुतेक सरडे सिटाना पॉन्टिसेरिआना या एकाच नावाखाली जमा होत. व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खवले मोजले, शरीराची मापं घेतली, डीएनए जुळवला. २०१६ साली त्यांनी नवी प्रजातीच जाहीर केली आणि तिला नाव दिलं सराडा, आपल्या मराठी ‘सरडा’वरून. चाळकेवाडीचा तो सराडा सुपर्बा. जगातल्या कुठल्याही देशात यावर लिहायचं तर मराठी शब्द लिहावाच लागतो! दोन वर्षांनी याच पठारावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी खूप कमी आणि म्हणून हे सरडे जास्त, असं त्यात दिसलं. आधी नाव पक्कं झालेलं असलं, की पुढची अशी मोजणी नेमक्या कोणत्या सरड्याची, यात शंका राहत नाही.

वडिलांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पगाराचं काय?”

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही स्वच्छ देतो. निव्वळ वर्गीकरणाच्या जागा थोड्या आहेत आणि भरती सावकाश होते. भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण या सरकारी संस्थांची पश्चिम विभागाची केंद्रं पुण्यात आहेत. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी. रस्ता असा: मुधोजी महाविद्यालयासारख्या जवळच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात बीएस्सी, मग कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एमएस्सी. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागानं सह्याद्रीतल्या कितीतरी नव्या जाती जगापुढे आणल्या आहेत. त्यानंतर नेट ही पात्रता परीक्षा. त्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पीएचडी करताना दरमहा ३७,००० रुपये मिळतात; हा दर २०२३ पासूनचा. म्हणजे बारावीनंतर पाच-सहा वर्षं घरानं धीर धरायचा आणि पुढे मुलगी स्वतःच्या पायावर शिकते. पक्की नोकरी मिळेपर्यंत वयाची तिशी येऊ शकते. हे घरात आधीच बोललेलं बरं, मागाहून मुलीला ऐकवू नये.

एवढा धीर परवडणारा नसेल तर माझा सल्ला कृषीचा. बीएस्सी ॲग्री, मग कीटकशास्त्रात एमएस्सी. अळी ओळखणारा माणूस बियाणे आणि औषध कंपन्यांना लागतो, कृषी विज्ञान केंद्रांना लागतो, निर्यातीचा माल तपासणाऱ्या वनस्पती संगरोध केंद्रांना लागतो. बंगळुरूला शेतीतल्या कीटकांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय ब्युरो आहे. तिथले शास्त्रज्ञ कृषी संशोधन सेवेच्या परीक्षेतून निवडले जातात. वनसेवेचा दरवाजाही आहेच. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांना आणि गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्यांना झाडं-पक्षी खात्रीनं ओळखणारी माणसं लागतात. ते काम कंत्राटी असतं, पण हात बसायला उत्तम.

मुलीला मी एकच काम दिलं. बांधावरची वीस तणं वर्तमानपत्रात दाबून वाळवायची. पावसाळ्यात कागद रोज बदलायचा, नाहीतर बुरशी धरते. प्रत्येकीसोबत चिठ्ठी: गाव, तारीख, जमीन कशी, गोळा करणाऱ्याचं नाव. फुलाचा रंग तोडल्या तोडल्या लिहायचा, वाळल्यावर तो उडतो. आईकडून आणि आजीकडून प्रत्येक तणाचं गावातलं नाव विचारून तेही लिहायचं. कासच्या पठारावर काहीही तोडायचं नाही, बांध पुरेसा आहे. वीस चिठ्ठ्या कंटाळा न करता पूर्ण झाल्या, तर हे वेड टिकणारं आहे असं मी समजतो. पाचव्या तणाला वही बंद पडली तरी काही बिघडत नाही, अकरावीतच कळलं हे चांगलं.

निघताना वडिलांनी बरणी स्वतः उचलली आणि उजेडाकडे धरली. “वाय कुठंय म्हणालीस?” मुलीनं बोट ठेवून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग दाराशी थांबून मला विचारलं, “ते चाळकेवाडीचे सरडे बघायचे तर कधी जावं लागतं?”

“मे महिन्यात,” मी म्हटलं, “सकाळी दगड तापले की.”