रागाची वर्गणी आणि विचाराची वर्गणी



गेल्या गळीत हंगामाचा शेवटचा हप्ता खात्यावर जमा झाला, त्या आठवड्यात प्रत्येक गट ऑफिसात एकच विषय होता. कालव्याचे आवर्तन दोनदा चुकले, खोडवा वाळला, रस्त्याचे काम नारळ फोडून तसेच पडले. "या खेपेला आमदार पाडायचाच. टनामागं पाच रुपये काढू आणि समोरच्याला देऊ," असे जो तो म्हणत होता. काहींनी तर ही रक्कम उसाच्या बिलातूनच कापून घ्यावी, असा अर्ज दिला. संचालक मंडळाने तो नाकारला.

सभासदांचा राग खोटा नाही. मात्र राग आला की हात आधी खिशात जातो आणि डोके मागाहून चालते. मागच्या निवडणुकीत आमच्यापैकी काहींनीही अशीच वर्गणी दिली होती. एकाने ठिबकच्या नळ्या बदलण्यासाठी ठेवलेले पाच हजार दिले. पावती मागितली नाही, हिशेब विचारला नाही. निकालानंतर वर्षभरातच आमचा उमेदवार त्याच विद्यमान आमदाराच्या मांडवात पुढच्या खुर्चीवर दिसला. नळ्या अजून जुन्याच आहेत. म्हणून या अंकात हा अभ्यास मांडत आहोत. नेत्यावर चिडून त्याच्या विरोधकाला पैसा द्यावा काय, आणि द्यायचाच तर कसा?

मच्छीमार नगरातील दुपार

कारखान्याच्या कामासाठी आम्ही चौघे मंत्रालयात गेलो होतो. साहेब बैठकीत होते. मधल्या वेळात चालत कफ परेडच्या मच्छीमार नगरात गेलो. बधवार पार्कच्या बाजूला, उंच इमारतींच्या पायथ्याशी ही कोळ्यांची वस्ती आहे. होड्या, वाळत घातलेली जाळी, आणि तिथेही आपल्यासारखेच सहकारी सोसायटीचे व्यवहार. आपले दुखणे पाण्याच्या आवर्तनाचे, त्यांचे डिझेलच्या परताव्याचे.

याच किनाऱ्यावर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा अतिरेकी रबरी होडीतून उतरले. किनाऱ्यावरच्या लोकांनी त्यांना हटकलेही होते. पुढच्या तीन दिवसांत १६६ माणसे मारली गेली. मुंबईचा संताप असा उसळला की केंद्रीय गृहमंत्री, राज्याचे मुख्यमंत्री आणि गृहमंत्री या तिघांनाही पदे सोडावी लागली. गेटवेपाशी हजारोंचा जमाव जमला. सगळेच राजकारणी नकोत, आपल्यातलाच कोणीतरी उभा करू, अशी भाषा सुरू झाली.

एका म्हाताऱ्या कोळीदादांशी आमचे बोलणे झाले. ते म्हणाले, "मेणबत्त्या तिकडं लागल्या, भाऊ. मतं वस्तीत पडतात. पैशे देणारा माणूस मतदानाच्या आदल्या रात्री कुठं असतो, ते आधी बघायचं."

आमचा अर्धा धडा त्या एका वाक्यात होता. उरलेला अर्धा दक्षिण मुंबईच्या निवडणुकांच्या इतिहासात सापडतो.

एकाच मतदारसंघाच्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट १९६७ ची. स. का. पाटील म्हणजे मुंबईचे अनभिषिक्त राजे. तीन वेळा महापौर झालेले, त्या वेळी केंद्रात रेल्वेमंत्री. पैसा त्यांच्या पक्षासाठी त्यांच्या शब्दावर जमे. त्यांच्यासमोर जॉर्ज फर्नांडिस उभे राहिले आणि जिंकले. 'तुम्ही पाटलांना पाडू शकता' हा त्यांच्या प्रचाराचा सूर होता. हे काही चार महिन्यांत घडले नाही. फर्नांडिस आधीची पंधरा-सोळा वर्षे याच शहरात हॉटेल कामगार, टॅक्सीवाले, महापालिकेचे कामगार यांच्या संघटना बांधत होते आणि १९६१ पासून नगरसेवक होते. सामान्य माणसाचा रुपया पडला तो आधी नांगरलेल्या जमिनीत.

दुसरी गोष्ट १९७७ ची. आणीबाणीत विरोधी नेते तुरुंगात होते. जानेवारीत निवडणूक जाहीर झाली आणि मार्चमध्ये मतदान. हाती जेमतेम दोन महिने. सभांतून झोळ्या फिरल्या, लोकांनी चिल्लरसुद्धा टाकली. पु. ल. देशपांड्यांसारखे साहित्यिक प्रचाराला उतरले. दक्षिण मुंबईतून जनता पक्षाचे रतनसिंह राजदा निवडून आले आणि मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसने गमावल्या. इथे राग अगदी ऐन वेळचा होता, तरी कामी आला. एक तर तो चाळीपासून बंगल्यापर्यंत सर्वांचा होता. दुसरे म्हणजे विरोधी पक्षांनी जागा वाटून घेतल्या, त्यामुळे लढत एकास एक झाली. पैसा आणि मत दोन्ही एकाच झोळीत पडले.

तिसरी गोष्ट २००९ ची. हल्ल्याला पाच महिने झाले होते. मीरा सन्याल या एका परदेशी बँकेच्या भारतातील प्रमुख. नोकरीतून रजा काढून त्या दक्षिण मुंबईतून अपक्ष उभ्या राहिल्या. सुशिक्षित नोकरदार मंडळी त्यांच्यासाठी स्वयंसेवक झाली, वर्तमानपत्रांनी दखल घेतली. उमेदवाराच्या लायकीबद्दल किंवा हेतूबद्दल कोणाला शंका नव्हती. पण ज्या शहरात एवढा संताप उसळला, तिथे मतदान चाळीस टक्क्यांच्या आसपासच झाले. त्यांना सुमारे दहा हजार मते पडली आणि अनामत रक्कम गेली. विद्यमान खासदार मिलिंद देवरा पुन्हा निवडून आले.

असे का झाले? मतदारसंघ नुकताच नव्याने आखला होता. कुलाबा, मलबार हिल यांच्याबरोबर आता मुंबादेवी, भायखळा, वरळी आणि शिवडी, म्हणजे लालबाग-परळचा गिरणगावही त्यात आला होता. मेणबत्त्यांचा राग एका टोकाला आणि बरीचशी मते दुसऱ्या टोकाला, अशी गत झाली. शिवाय विरोधी मते फुटली. मनसे आणि शिवसेना यांच्या उमेदवारांची मते एकत्र केली असती, तर ती विजयी उमेदवारापेक्षा अधिक भरत होती. २०१४ साली सन्याल आम आदमी पक्षाकडून पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी सुमारे चाळीस हजार मते मिळाली, म्हणजे चौपट वाढ. तरी अनामत वाचली नाही. विद्यमान खासदार मात्र पडले, ते शिवसेनेच्या अरविंद सावंतांकडून. देशभर लाट होतीच. पण ती लाट मतपेटीपर्यंत नेणाऱ्या शाखा गल्लोगल्ली आधीपासून होत्या.

अमेरिकेत तर पैशाला तोटा नसतो. २०२० साली केंटकी राज्यात मिच मॅकॉनेल या बड्या सिनेटरवर चिडून देशभरच्या लोकांनी त्यांच्या विरोधक एमी मॅकग्रा यांच्याकडे नऊ कोटी डॉलरहून अधिक रक्कम पाठवली. त्या सुमारे वीस टक्के मतांच्या फरकाने हरल्या. पैसे पाठवणाऱ्या पुष्कळांचे मत त्या राज्यात नव्हतेच.

बोध काय?

ऊस तुऱ्यावर आल्यावर युरिया टाकून टनेज वाढत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. खत लावणीला आणि बांधणीला. वर्गणीचेही तसेच आहे. निवडणुकीच्या तोंडावर दिलेले पाच हजार फलक आणि जेवणावळीत विरघळतात. तेच पैसे दोन वर्षे आधी मतदारयादी तपासायला, आवर्तनाच्या तक्रारींचा पाठपुरावा करायला, बूथवर बसणारी पोरे तयार करायला लागले, तर त्यांना कोंब फुटतो.

म्हणजे वर्गणी देऊ नये काय? अवश्य द्यावी. सामान्य माणसाने दिली नाही, तर ठेकेदार देतो, आणि मग आमदार ठेकेदाराचे ऐकतो. फक्त देताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. रोख टाळा, पावती घ्या. उमेदवाराला दहा हजारांवरची रक्कम रोखीने देता येत नाही. पक्षाने दोन हजारांवर रोख देणगी घ्यायची नाही, असा आयकराचा नियम आहे.

२. उमेदवाराने निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते उघडायचे असते. रक्कम त्याच खात्यात भरा, पुतण्याच्या किंवा ड्रायव्हरच्या नव्हे.

३. अर्जाबरोबरचे प्रतिज्ञापत्र वाचा. मालमत्ता, कर्जे आणि गुन्हे त्यात लिहावे लागतात.

४. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात २०२२ पासून चाळीस लाखांची, तर लोकसभेला पंचाण्णव लाखांची खर्चमर्यादा आहे. निकालानंतर तीस दिवसांत त्याला हिशेब द्यावा लागतो आणि ठरावीक शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो. ज्याला पैसे दिले, त्याचा हिशेब आधी पाहा.

५. आयकर सवलतीच्या आशेने देऊ नका. उसाचे उत्पन्न शेतीचे, त्यावर आयकरच नाही.

६. समोर उमेदवार किती आहेत ते मोजा. चार गटांनी चार झोळ्या फिरवल्या, तर विद्यमान आमदार घरी बसून निवडून येतो.

बिलातून कपात का नाही?

शेवटी त्या अर्जाविषयी. कारखाना हा विद्यमान आमदाराला मत देणाऱ्या सभासदाचाही आहे. त्याच्या उसाच्या पैशाने त्याच्या उमेदवाराला पाडणे हा अन्याय आहे. आज आपण ही वाट पाडली, तर उद्या सत्तेवर बसलेला तिच्यावरून बैलगाडी हाकील आणि आपल्याच बिलातून स्वतःसाठी कपात करील. पैसा कोण कोणाला देतो हे मतदाराला कळले पाहिजे, याच कारणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरवली. वर्गणी ही ज्याच्या-त्याच्या खिशातून, ज्याच्या-त्याच्या नावाने आणि राजीखुशीने.

मंत्रालयातले काम त्या दिवशी झाले नाहीच. परतीच्या गाडीत आमच्यातला तो पाच हजार दिलेला सभासद बराच वेळ गप्प होता. कल्याण मागे पडल्यावर म्हणाला, "या वर्षी आधी नळ्या बदलतो. आणि दर महिन्याला पाटबंधारे ऑफिसात अर्ज घेऊन जाणारी जी पोरं आहेत ना, त्यांच्या एस.टी.च्या तिकिटाचे पैसे मी देणार." आमच्या मते त्याचा अभ्यास पुरा झाला.

गट बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. १९७७ आणि २००९ या दोन्ही वेळी लोक चिडलेले होते. मग निकालात फरक का पडला?
२. आपल्या गावच्या बूथवर विरोधी उमेदवाराचा प्रतिनिधी दिवसभर बसतो काय? नसेल, तर का?
३. मागील निवडणुकीत आपण कोणाला वर्गणी दिली असल्यास तिची पावती आपल्याजवळ आहे काय?